प्रौढ विद्यार्थ्याला बालकांची मोजपट्टी

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा डिसेंबर २०१६ मध्ये संमत झाला आणि एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्यापूर्वीच्या १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते. ते आता एकवीस झाले आणि त्यांत ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ या प्रकाराला प्रथमच स्थान मिळाले. वाचन, लेखन, शुद्धलेखन अथवा आकडेमोड यांपैकी एखाद्या गोष्टीत, बुद्धी असूनही, सतत अडखळणारा विद्यार्थी हा आळशी किंवा मठ्ठ नसून त्याला कायद्याच्या संरक्षणाची गरज आहे, हे संसदेने मान्य केले. उच्च शिक्षणात किमान पाच टक्के जागा, शासकीय नोकऱ्यांत किमान चार टक्के जागा आणि त्या चारांतील एका टक्क्यात इतर काही प्रकारांबरोबर अध्ययन अक्षमतेचाही वाटा, अशी तरतूद झाली. हक्क दिला गेला, हे निर्विवाद. मात्र तो हक्क ज्या दाराने मिळावयाचा, ते मानसशास्त्रीय व शैक्षणिक चाचणीचे दार महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या उंचीचे नाही, या गोष्टीकडे अद्याप फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही.

उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय पाहणीनुसार २०२०-२१ या वर्षी देशात उच्च शिक्षण घेणाऱ्यांची संख्या सुमारे ४ कोटी १४ लाख होती आणि त्यांत सर्व प्रकारचे मिळून दिव्यांग विद्यार्थी होते सुमारे ७९ हजार. म्हणजे दर हजारी दोनही नाहीत. २०११ च्या जनगणनेत दिव्यांगांचे प्रमाण २.२१ टक्के होते, आणि त्या गणनेत अध्ययन अक्षमता हा स्वतंत्र प्रकारच नव्हता. हे दोन आकडे शेजारी ठेवले म्हणजे एवढे तरी कळते की, बहुसंख्य दिव्यांग मुले महाविद्यालयाच्या पायरीपर्यंत पोहोचत नाहीत, अथवा पोहोचली तरी त्यांची नोंद तशी होत नाही. अध्ययन अक्षमतेच्या बाबतीत दुसरी शक्यता अधिक संभवते. कारण आंधळेपण किंवा पांगळेपण लपत नाही, वाचनातील अडखळणे मात्र वर्षानुवर्षे लपविता येते.

हा लपविणारा विद्यार्थी कोण असतो? साधारणतः तो शाळेत मध्यम गुणांनी पास झालेला असतो. पाठांतर दांडगे, घरचे लक्ष, एखादा समजूतदार शिक्षक, शेवटच्या दोन महिन्यांतील मार्गदर्शिका आणि शिकवणी या शिदोरीवर त्याने दहावी-बारावी गाठलेली असते. महाविद्यालयात आल्यावर वाचावयाचा मजकूर एकाएकी अनेकपट होतो, माध्यम बदलते, वर्गात दीडशे मुले बसतात, आणि जुने सर्व आधार एकदम गळून पडतात. पहिल्या वर्षी दोन विषय राहतात, दुसऱ्या वर्षी चार. मागील वर्षांचे विषय ओढत तो पुढे सरकतो. तोंडी परीक्षेत चांगली उत्तरे देणारा हा मुलगा लेखी परीक्षेत निम्मी उत्तरपत्रिका कोरी ठेवून का येतो, असा प्रश्न प्राध्यापकांना पडलाच, तर त्याचे उत्तर ‘अभ्यास करीत नाही’ असे ठरलेले असते. अमेरिकन मानसचिकित्सकांच्या संघटनेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत ही शक्यता स्पष्टपणे गृहीत धरली आहे. अडचणीची सुरुवात शालेय वयात झालेली असली पाहिजे, परंतु शिक्षणाची मागणी व्यक्तीच्या मर्यादित क्षमतेपलीकडे जाईपर्यंत ती पूर्णपणे उघड होईलच असे नाही, असे तिच्यात म्हटले आहे. तेव्हा विसाव्या वर्षी प्रथमच चाचणीसाठी येणारा विद्यार्थी हा लबाडच असला पाहिजे, या समजुतीला शास्त्राचा आधार नाही.

अशा प्रौढ विद्यार्थ्याची चाचणी नीट घ्यावयाची तर ते काही अर्ध्या तासाचे काम नव्हे. प्रथम दृष्टी व श्रवण यांची तपासणी. नंतर पूर्वेतिहास, म्हणजे शाळेच्या प्रगतिपुस्तकांपासून जुन्या वह्यांपर्यंत जे हाती लागेल ते. मग वेक्सलर यांच्या प्रौढांसाठीच्या मापनश्रेणीसारखी बुद्धिचाचणी. तिच्यातून एक बुद्ध्यंक निघतो. पण खरी माहिती असते ती शाब्दिक आकलन, दृश्य तर्क, कार्यस्मृती आणि प्रक्रियेचा वेग या चार अंगांच्या परस्परांतील चढउतारांत. त्यानंतर वाचनाची अचूकता व गती, अर्थहीन शब्दांचे वाचन, शुद्धलेखन, लेखनाचा वेग, गणित. शेवटी अवधान, चिंता व नैराश्य यांचा अदमास, कारण मन खचलेले असतानाही वाचलेले डोक्यात शिरत नाही. प्रौढाच्या बाबतीत एक विशेष असा की, त्याची अचूकता अनेकदा सामान्य माणसाइतकी असते. फरक पडतो तो गतीत. तो बरोबर वाचतो, परंतु एक पान वाचावयास त्याला इतरांच्या दुप्पट वेळ लागतो. म्हणून केवळ चुका मोजणारी चाचणी त्याला ‘निर्दोष’ ठरवून परत पाठविते.

आता आपल्या हाती असलेल्या मोजपट्ट्या पाहाव्यात. जानेवारी २०१८ मध्ये केंद्र शासनाने दिव्यांगत्वाच्या मूल्यमापनाची जी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली, त्यांत अध्ययन अक्षमतेच्या निदानासाठी बंगलोरच्या निम्हान्स संस्थेचा चाचणीसंच सांगितला होता. हा संच १९९० च्या सुमारास तयार झाला. त्याचा पहिला स्तर पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी आणि दुसरा आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी आहे. बुद्धिमापनासाठी मालिन यांच्या श्रेणीचा उल्लेख होता. ती त्यांनी वेक्सलरच्या बालश्रेणीवरून नागपुरात बेतली आणि १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिची वरची मर्यादा पंधरा-सोळा वर्षांची. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये ‘डाली’ नावाचा चाचणीसंच प्रकाशित केला. त्यात हिंदी, कन्नड व इंग्रजीबरोबर मराठीही आहे, ही समाधानाची गोष्ट. परंतु तो इयत्ता पाचवीपाशी थांबतो. प्रमाणपत्राची रचनाही याच धर्तीची होती: आठव्या वर्षी प्रथम, चौदाव्या व अठराव्या वर्षी नूतनीकरण, आणि अठराव्या वर्षीचे प्रमाणपत्र आयुष्यभरासाठी. विसाव्या वर्षी प्रथमच दार ठोठावणाऱ्याचा विचार या रचनेच्या केंद्रस्थानी नव्हता, हे उघड आहे. मार्च २०२४ मध्ये ही तत्त्वे सुधारून पुन्हा प्रसिद्ध झाली. परंतु नियमाची भाषा सुधारल्याने मोजपट्ट्या आपोआप तयार होत नाहीत. त्यासाठी शेकडो विद्यार्थ्यांवर चाचणी घेऊन मानके बसवावी लागतात, आणि हे काम कोणत्याही अधिसूचनेने होत नसते.

वास्तविक या कामाची परंपरा मराठी मुलखाला अपरिचित नाही. पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये पहिली बुद्धिमापनश्रेणी तयार केली, ती शाळेत मागे पडणारी मुले हुडकून त्यांना निराळे शिक्षण देता यावे म्हणून. बुद्धी ही जन्मतः ठरलेली व न बदलणारी राशी आहे, हे मत त्यांना मुळीच मान्य नव्हते. त्याच श्रेणीची मराठी आणि कानडी मुलांसाठी पुनर्रचना डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी केली आणि तिची हकीकत सांगणारा त्यांचा ग्रंथ १९४० मध्ये निघाला. बिने-कामत चाचणी हे नाव पुढे देशभर रूढ झाले. मुंबई इलाख्यातील एका शिक्षणतज्ज्ञाला त्या काळच्या तुटपुंज्या साधनांनिशी जे जमले, ते आज डझनांनी विद्यापीठे असलेल्या राज्याला प्रौढ विद्यार्थ्यांसाठी जमलेले नाही. शालेय स्तरावर महाराष्ट्राने पुढाकार घेतला होता, हेही नमूद केले पाहिजे. १९९६ मध्येच राज्य शासनाने अध्ययन अक्षम मुलांना परीक्षेत सवलती देऊ केल्या, आणि मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या ठिकाणी त्यासाठी स्वतंत्र विभाग चालू झाले. शाळेत पडलेले हे पाऊल महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर अडखळले.

भाषेचा प्रश्न तर याहून अवघड आहे. सांगली किंवा परभणी जिल्ह्यातील मराठी शाळेतून आलेला विद्यार्थी अभियांत्रिकी अथवा वाणिज्य शाखेत इंग्रजी पाठ्यपुस्तकांशी झुंजत असतो. त्याची इंग्रजी वाचनाची गती मंद आहे, हे सिद्ध करावयास मानसशास्त्रज्ञाची गरज नाही. त्या मंदगतीचे कारण परक्या भाषेचा अपुरा सराव आहे की मेंदूच्या पातळीवरील वाचनाची अडचण आहे, हा खरा प्रश्न. आणि तो सोडविण्याचा एकच विश्वसनीय मार्ग म्हणजे त्याच विद्यार्थ्याला मराठीत वाचावयास लावणे. देवनागरीत अक्षर आणि ध्वनी यांचे नाते इंग्रजीपेक्षा कितीतरी सरळ आहे. त्यामुळे मराठीत वाचताना चुका कमी होतात आणि अडचण मुख्यतः वेगात व जोडाक्षरांपाशी दिसते. मात्र वीस वर्षांच्या मराठी भाषिकाने मिनिटाला किती शब्द वाचावेत, याची सर्वमान्य मानकेच हाताशी नसतील तर चाचणी घेणाऱ्याने तुलना कशाशी करावी? परिणामी तो नाइलाजाने इंग्रजी चाचणी वापरतो. ज्यांना खरी अक्षमता नाही अशा ग्रामीण मुलांवर अक्षमतेचा शिक्का बसण्याचा, आणि ज्यांना आहे त्यांना ‘इंग्रजी कच्चे’ म्हणून परत पाठविण्याचा, असे दोन्ही धोके एकाच वेळी उभे राहतात. उलट, ज्या शहरी इंग्रजी शाळांतील मुलांना या चाचण्या भाषेने जवळच्या आणि ज्यांच्या पालकांना खाजगी चाचणीचे काही हजार रुपये परवडणारे, त्यांचे निदान वेळेवर होते. हक्क सर्वांना सारखा आणि तो सिद्ध करण्याचा खर्च मात्र उत्पन्नाच्या व्यस्त प्रमाणात टोचणारा, अशी ही अवस्था आहे.

२०१८ च्या तत्त्वांतील आणखी एका अटीचा येथे विचार केला पाहिजे. बुद्ध्यंक ८५ हून अधिक असेल तरच पुढील चाचण्या, अशी ती अट. बौद्धिक अक्षमतेची रेषा साधारणतः ७० च्या खाली ओढली जाते. मग ७० आणि ८५ यांच्या दरम्यानच्या विद्यार्थ्याचे काय? प्रसामान्य वक्राच्या गणितानुसार शंभर माणसांत सुमारे तेरा-चौदा माणसे या पट्ट्यात पडतात. म्हणजे हा काही अपवादात्मक वर्ग नव्हे. अशी अट असली म्हणजे या विद्यार्थ्याला एका दाराने ‘तू पुरेसा मंद नाहीस’ म्हणून आणि दुसऱ्या दाराने ‘तू पुरेसा हुशार नाहीस’ म्हणून परत जावे लागते. शिवाय पन्नास वर्षांपूर्वीच्या मानकांवर काढलेला ८४ आणि ८६ यांतील फरक हा बहुधा मोजणीच्या त्रुटीतच सामावणारा असतो. त्या दोन गुणांवर एखाद्याच्या पदवीचे भवितव्य टांगून ठेवणे हा अचूकतेचा आभास होय.

याच्या विरुद्ध बाजूने नेहमी मांडला जाणारा आक्षेप लबाडीचा. प्रमाणपत्राला किंमत आली की त्याचा बाजार भरतो, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. अमेरिकेत २०१९ मध्ये उघडकीस आलेल्या प्रवेश घोटाळ्यात श्रीमंत पालकांना आपल्या मुलांसाठी अध्ययन अक्षमतेचे निदान मिळवून परीक्षेत वाढीव वेळ पदरात पाडून घेण्याचा सल्ला दिला गेला होता. प्रौढ माणूस चाचणीत मुद्दाम वाईट कामगिरी करू शकतो, म्हणूनच प्रयत्नांचा खरेपणा तपासणाऱ्या वेगळ्या कसोट्या तज्ज्ञ वापरतात. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. पण त्यातून काढला जाणारा ‘दार अधिक अरुंद करा’ हा निष्कर्ष कोठे नेतो, याचेही उदाहरण त्याच देशात सापडते. बॉस्टन विद्यापीठाने १९९५ च्या सुमारास अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांनी दर तीन वर्षांनी नव्याने चाचणी करून आणावी, अशी सक्ती केली. विद्यापीठाच्या एका श्रेष्ठ अधिकाऱ्याने भाषणांतून एका झोपाळू विद्यार्थिनीची गोष्ट सांगितली. आपल्याला वर्गात डुलकी लागेल, तेव्हा टिपणे पुरवावीत, अशी मागणी तिने केल्याची. प्रकरण न्यायालयात गेले तेव्हा ही विद्यार्थिनी मुळात अस्तित्वातच नव्हती, असे निष्पन्न झाले. १९९७ च्या निकालात न्यायालयाने फेरचाचणीची सक्ती बेकायदा ठरविली, कारण प्रौढपणी ही अवस्था सहसा बदलत नाही आणि वारंवार चाचणीचा खर्च व त्रास खऱ्या गरजूंनाच गाळून टाकतो. त्याच वेळी, परकीय भाषेचा अभ्यासक्रम सर्वांना सक्तीचा असावा की नाही हे ठरविण्याचा विद्यापीठाचा शैक्षणिक अधिकार मात्र विचारपूर्वक वापरला जावा, एवढ्या अटीवर मान्य झाला. हा समतोल आपल्याकडील विद्वत्परिषदांनी अभ्यासण्याजोगा आहे.

लबाडीचा प्रश्न सोडवावयाचा तर प्रथम प्रमाणपत्राने नेमके काय मिळते, याची फोड केली पाहिजे. राखीव जागा ही दुर्मीळ वस्तू आहे. एकाला मिळाली की दुसऱ्याला ती मिळत नाही. तेथे काटेकोर तपासणी हवीच. मोठ्या अक्षरांतील प्रश्नपत्रिका, व्याख्यानाचे ध्वनिमुद्रण, संगणकावर उत्तरे लिहिण्याची मुभा, लेखनिक, अर्धा-पाऊण तास जादा वेळ या गोष्टी मात्र तशा दुर्मीळ नाहीत. एकाला दिल्याने दुसऱ्याचे काही हिरावले जात नाही. फार तर पर्यवेक्षकाला थोडा वेळ अधिक बसावे लागते. या दोन प्रकारच्या लाभांना एकच चाळणी लावल्यामुळे साधी सोय मागणाऱ्यालाही नोकरीतील आरक्षण मागणाऱ्याइतकाच संशय सोसावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने हा भेद ओळखला आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये, लिहिताना हात आखडण्याच्या विकारामुळे अवघे सहा टक्के दिव्यांगत्व ठरलेल्या एका उमेदवाराच्या प्रकरणात, लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही, असा निवाडा न्यायालयाने दिला. त्याला अनुसरून केंद्र शासनाने ऑगस्ट २०२२ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयाने तीच भूमिका पुन्हा अधोरेखित केली. तरीही महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात ‘४० टक्क्यांचा दाखला आणा’ हे वाक्य अजून जिवंत आहे. वाचनाच्या गतीची ४० टक्के हानी म्हणजे नक्की काय, असे त्या लिपिकाला विचारले तर तो बिचारा काय सांगणार? तोडलेल्या बोटांचे टक्के काढता येतात. शब्दांपाशी अडणाऱ्या नजरेचे टक्के ही प्रशासनाची सोय आहे, निसर्गातील राशी नव्हे.

जादा वेळेचा वाद तर मुळातच थोडा विचित्र आहे. अर्थशास्त्राच्या अथवा इतिहासाच्या उत्तरपत्रिकेत परीक्षकाला तपासावयाचा असतो तो विषयाचा समज. मिनिटाला किती ओळी लिहिल्या हे नव्हे. प्रश्नपत्रिका अशी काढली की बहुतेकांना ती दिलेल्या वेळेत निवांत सोडविता येईल, तर जादा वेळेला बाजारभावच उरत नाही आणि त्यासाठी खोटे प्रमाणपत्र मिळविण्यात कोणाला रस राहणार नाही. याला पैसा लागत नाही, फक्त अभ्यासमंडळांनी बसून विचार करावा लागतो.

मग चाचणी कशासाठी? याच प्रश्नाला आपल्या व्यवस्थेने सर्वांत कमी महत्त्व दिले आहे. विद्यार्थ्याने कष्टाने मिळविलेला दहा-पंधरा पानांचा अहवाल परीक्षा विभागाच्या धारिकेत जातो आणि तेथेच राहतो. कार्यस्मृती कमी, पण शाब्दिक आकलन उत्तम, असे निष्कर्ष त्यात असतात. या मुलाला तोंडी सूचना एकावर एक देऊ नयेत, गणिताच्या पायऱ्या कागदावर मांडून द्याव्यात, वाचनाचा मजकूर आठवडाभर आधी हाती द्यावा, असे सहज अमलात आणण्याजोगे सल्लेही असतात. ज्याने ते वाचावयाचे तो प्राध्यापक ते कधी पाहत नाही. विद्यार्थ्यालाही ते कोणी समजावून सांगत नाही. वीस वर्षे स्वतःला मठ्ठ समजत आलेल्या माणसाला आपली अडचण कोठे आहे आणि कोठे नाही, हे कळणे हीच खरे तर चाचणीची मोठी कमाई. ती केवळ ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ या शब्दांत संपून जाते.

राहिला प्रश्न मोजपट्टीचा. प्रौढ मराठी विद्यार्थ्यांसाठी वाचन-लेखनाची प्रमाणित चाचणी कोणी खाजगी प्रकाशक तयार करील, ही आशा व्यर्थ आहे. मानके बसविण्याचा खर्च एकदाच पण मोठा, ग्राहक थोडे, आणि एकदा तयार झालेल्या चाचणीची नक्कल करणे सोपे. बाजाराने पाठ फिरवावी अशीच ही वस्तू आहे. रस्त्यावरील दिव्याप्रमाणे ती सार्वजनिक खर्चानेच व्हावयास हवी. त्यासाठी परदेशी तज्ज्ञांची वाट पाहण्याचेही कारण नाही. विद्यापीठांतून मानसशास्त्र, मराठी व संख्याशास्त्र हे तिन्ही विभाग शेजारी शेजारी नांदत आहेत. वेगवेगळ्या जिल्ह्यांतील, वेगवेगळ्या माध्यमांतील विद्यार्थी दर वर्षी प्रवेशाच्या वेळी त्यांच्या दारात येतात. त्यांतील दोन-तीन हजारांना एक ठरावीक मराठी उतारा वाचावयास आणि एक लिहावयास देऊन वेळ नोंदविला, मुंबई-पुण्याबरोबर गडचिरोली व नंदुरबारचेही विद्यार्थी त्यात घेतले आणि ज्यांची घरची भाषा गोंडी, भिल्ली किंवा उर्दू आहे त्यांची मानके निराळी ठेवली, तर दोन-तीन वर्षांत एक कामचलाऊ श्रेणी उभी राहू शकेल. तोपर्यंत तपासणाऱ्याने मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांतील वाचनाचे नमुने घेऊन ते अहवालात शेजारी शेजारी नोंदवावेत, आणि महाविद्यालयांनी त्या अहवालाची एक प्रत, विद्यार्थ्याच्या संमतीने, वर्गशिक्षकाकडे पोहोचवावी. यासाठी कोणत्याही नव्या शासन निर्णयाची आवश्यकता नाही.